गौराक्काची फिरती साखर

आमच्या गल्लीत साखर कुणाच्याच घरी फार दिवस मुक्काम करत नाही. सकाळी माझ्या डब्यात असलेली साखर संध्याकाळी समोरच्या अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर असते आणि दुसऱ्या दिवशी तिथून निघून पिठाच्या गिरणीमागच्या घरी. मध्यंतरी आमच्याकडची जाड साखर गेली आणि चार दिवसांनी बारीक होऊन परत आली. आमच्या ह्यांनी चहात चमचा फिरवत विचारलं, "ही साखर कुणाची?" मी म्हटलं, "मला काय माहीत, गौराक्काला विचारा." त्यांनी निमूट चहा पिऊन टाकला. गौराक्काला काही विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायला अर्धा तास हाताशी ठेवावा लागतो.

ही गौराक्का माझी शेजारीण. भिंतीला भिंत. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, कायम इरकल लुगड्यात, कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि आवाज असा की कुजबुजली तरी रिक्षा थांबावी. नवरा कापडगिरणीत होता. गिरणी बंद पडली, मग काही वर्षांनी तोही गेला. अक्कानं रडणंबिडणं उरकलं आणि कडक भाकऱ्या करून विकायला लागली. कागदासारख्या पातळ, कुडुम कुडुम वाजणाऱ्या, महिनाभर टिकणाऱ्या. त्या भाकऱ्यांवर तिनं पोरगा शिकवला. शिवानंद, म्हणजे आमचा शिवा, आता पुण्यात मोठा साहेब आहे आणि अकराव्या मजल्यावर राहतो.

गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी भिंतीपलीकडून "यव्वा गं!" अशी आरोळी आली. मी धावत गेले तर अक्का पिठाचा डबा उचलायला वाकलेली ती वाकलेलीच राहिली होती. दोन्ही हात डब्यावर, मान खाली, एखादी वस्तू शोधत असल्यासारखी. मी म्हटलं, "अक्का, काय झालं गं?" ती खालूनच म्हणाली, "आदी गॅस बंद कर. तव्यावर भाकरी हाय."

भाकरी वाचली. अक्काला मात्र मी आणि आमच्या ह्यांनी मिळून पाटासारखी उचलून पलंगावर ठेवली.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि मणक्यात गॅप असल्याचं सांगितलं. अक्काला हे पटलंच नाही. "एवढी वर्सं भाकऱ्या थापल्या, एक दिवस सुट्टी घेतली न्हाय. गॅप पडलीच कुटनं?" डॉक्टर तरुण होते, नुसते हसले. औषधं दिली, कमरेला पट्टा दिला आणि पडून राहायला सांगितलं. अक्का आणि पडून राहणं! पलंगावरून तिनं मला, आमच्या ह्यांना, दूधवाल्याला आणि भिंतीवरच्या पालीला इतक्या सूचना दिल्या, की पाल घर सोडून गेली.

शिवा आला. चार दिवस राहिला. आईला बाथरूमपर्यंत धरून नेताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. पाचव्या दिवशी म्हणाला, "आई, आता बास. पुण्याला चल. हे घर देऊन टाकू. बिल्डर दोनदा विचारून गेलाय."

घर देऊन टाकू म्हटल्यावर अक्का पट्ट्यासकट ताडकन उठून बसली आणि पुन्हा "यव्वा" करून आडवी झाली. पण बोलायची थांबली नाही. "अकराव्या मजल्यावर मी काय करू रे? खाली वाकून बगितलं तर चक्कर, वर बगितलं तर छत. मी हितंच ऱ्हाणार." बराच वेळ वादावादी झाली. मी मध्ये पडले, मलाही दोघांनी ऐकवलं. शेवटी ठरलं असं, की दिवाळीला शिवा येईल. तोवर अक्का आपल्या पायांनी नीट हिंडूफिरू लागली तर राहील. नाहीतर मुकाट्यानं बॅग भरायची, आणि घर बिल्डरला.

शिवा गेल्यावर अक्का छताकडे बघत पडून राहिली. मला म्हणाली, "सुमे, मला चालतं कर. मी हे घर सोडून जगायची न्हाय."

मी काय करणार? मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "छान. आजी, आता पडायचं नाही. रोज चालायचं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नुसतं चालायचं. आणि सुरुवातीला बरोबर कुणीतरी घ्या."

"कुटं चालायचं?" अक्का.

"कुठंही नाही. नुसतं चालायचं."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याला उन्हाचा त्रास झाला असावा, असा तिचा चेहरा. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "सायेब, कुटं जायाचंच न्हाय तर चालायचं कशाला? काम तर पायजे की!"

हे "काम तर पायजे की" म्हणजे गौराक्काचं सगळं तत्त्वज्ञान. टीव्ही बघायचा तर हातात शेंगा सोलायला पाहिजेत. देवळात जायचं तर येताना जवस घेऊन यायचं. गप्पा मारायच्या तर समोरचीच्या डोक्याला तेल लावत. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या चंप्या मला तिच्या गप्पांच्या ओघात फुकट मिळाल्या आहेत. बिनकामाचं चालणं हे तिच्या लेखी श्रीमंतांचं थेर.

पहिल्या दिवशी आम्ही निघालो. आता निघणं म्हणजे काय, तेही सांगते. पूर्वी अक्काच्या घरात जायला दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या. मग रस्त्यावर डांबर आलं, डांबरावर डांबर आलं, खोदलं, बुजवलं, शेवटी सिमेंट आलं. दर वेळी रस्ता वर आणि घर खाली. आता तिला घरातून रस्त्यावर यायला एक पायरी चढावी लागते. त्या एका पायरीला त्या दिवशी आम्हाला दोघींना घाम फुटला.

तीन घरंही झाली नसतील, तोच देशमुखकाकू फाटकात. "काय अक्का, कुठं निघालात?"

आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे रामराम असतो, पण उत्तर द्यावं लागतं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जरा पाय मोकळे करून येते. पण हे वाक्य अक्काच्या तोंडून निघेना. जन्मभर पहाटे चारला तव्यापुढं बसलेली बाई, भर सकाळी पाय मोकळे करते हे कुणाला सांगायचं म्हणजे तिला चोरी पकडल्यासारखं झालं. कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "हे... साखर आणायला."

"मग दुकानापर्यंत कशाला? कंबर तुमची अशी. थांबा." देशमुखकाकू आत गेल्या आणि शिगोशीग भरलेली साखरेची वाटी आणून त्यांनी अक्काच्या हातात ठेवली.

घरी साखरेचा डबा काठोकाठ भरलेला. पण अक्कानं ती वाटी दोन्ही हातांनी धरली आणि आम्ही माघारी वळलो. आणि मी काय बघते, तर जाताना वाकडीतिकडी चालणारी अक्का येताना सरळ चालत होती! भरलेली वाटी घेऊन वाकून चालता येतच नाही हो, सांडते की. डॉक्टरांच्या इतक्या सांगण्यानं जे झालं नव्हतं, ते देशमुखकाकूंच्या साखरेनं केलं. पुढे मी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते टाळ्या वाजवायचेच बाकी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझं दार वाजलं. अक्का तयार. हातात वाटी. "चल सुमे, काकूंची वाटी परत करायची हाय." आता वाटी रिकामी कशी परत करायची? आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. म्हणून तिनं वाटीत शेंगाचटणी भरली होती. देशमुखकाकूंना चटणी मिळाली, मग त्यांनी त्याच वाटीत लिंबाचं लोणचं घातलं. ते लोणचं एकटीला कशाला, म्हणून अक्कानं निम्मं पुढच्या घरी नेऊन दिलं. पुढच्या घरी वाटी अडकली. ती सोडवायला तिसऱ्या दिवशी जाणं आलं. झालं! अक्काला काम मिळालं.

पंधरवड्यानं डॉक्टर म्हणाले, "आता जरा लांब जा." इथं अडचण आली. लांब जायचं कुणाकडे? आमच्या गल्लीत एकेकाळी सगळी बैठी घरं होती. प्रत्येकाच्या दारात जास्वंद नाहीतर कडुनिंब, आणि दारं दुपारी झोपेच्या वेळी काय ती लागायची. आता जुनी घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी अपार्टमेंट. खाली गाड्या, वर माणसं, मध्ये लिफ्ट. नावं तर अशी ठेवलीत की पत्ता सांगताना जीभ वळत नाही. कोण राहतं कुणाला ठाऊक नाही. सणाला दिव्यांच्या माळा दिसतात त्यावरून आत माणसं असावीत इतकं कळतं.

"अक्का, आता वाटी बास," मी म्हटलं. "ही नव्या लोकांची वस्ती. त्यांना दहा मिनिटांत साखर मोबाइलवर येते."

"येऊ दे की. साखर आणणारा त्यो पोरगा 'कंबर कशी हाय' म्हणून इचारतो व्हय?"

आणि ती समोरच्या अपार्टमेंटच्या फाटकात घुसली. वॉचमननं अडवलं. "कुणाकडं जायचंय आजी?"

"ज्याच्या घरी साखर आसंल त्याच्याकडं."

वॉचमन मंद्रूपकडचा निघाला. अक्काची बहीण तिकडेच दिलेली. मग काय, पाच मिनिटांत त्याचं गाव, शिवार, विहीर आणि चुलत चुलता सगळं निघालं आणि आम्ही लिफ्टमध्ये. तिसऱ्या मजल्यावर पहिलं दार दिसलं त्याची बेल अक्कानं दाबली. साखळी न काढता दार चार बोटं उघडलं. आत एक तरुण मुलगी, कडेवर तान्हं बाळ.

"आम्ही काही घेत नाही," ती म्हणाली.

"मी इकत न्हाय गं बाई. मागाया आलेय. वाटीभर साखर."

"आम्ही देत पण नाही." दार बंद.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात हजर. वाटीत शेंगाचटणी. चार बोटं दार उघडल्यावर अक्का म्हणाली, "काल तू साखर दिली न्हाईस की, ती परत करायला आले."

ती पोरगी बघतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता तिनं साखळी काढली आणि मग एकदम डोळ्यांत पाणीच आणलं. लातूरकडची होती. नवरा सकाळी जातो तो रात्री येतो, बाळ सारखं रडतं, आणि या गावात आपल्याशी कुणी बोललेलं नाही म्हणाली. अक्कानं बाळ मांडीवर घेतलं, पालथं घातलं, पाठीवर दोन थापट्या मारल्या. बाळानं ढेकर दिली आणि झोपलं. अक्का मला म्हणाली, "बग, काम निगालं का न्हाय?"

मग पुढं असंच होत गेलं. त्या अपार्टमेंटमागे फरशी घातलेला चालायचा रस्ता आहे. तिथं चांगली शिकली-सवरलेली माणसं कानात बोंडं घालून गोल गोल फिरतात. अक्कानं त्यातल्या एका गृहस्थाला हात करून थांबवलं. "सायेब, घाण्याला जुपल्यागत काय फिरताय? जरा हे दही त्या कोपऱ्यावरच्या घरी नेऊन द्या की. चालणं बी हुईल, दही बी जाईल." गृहस्थ इतके गांगरले, की कानातली बोंडं काढून दही घेऊन गेले. आता ते रोज विचारतात, "अक्का, आज काही न्यायचंय?"

आमच्या गल्लीत एकमेकांची नावं माहीत नसलेल्या माणसांना एकमेकांच्या साखरेची चव कळायला लागली. मी चेष्टा करायचे, पण खरं सांगते, मला तिचा अभिमान वाटायचा. मला तरी माझ्या मागच्या गल्लीत कोण राहतं हे कुठं ठाऊक होतं? अक्काची कंबर सुधारत गेली. गणपतीपर्यंत ती माझा हात न धरता ती पायरी चढायला लागली. कमरेचा पट्टा तिनं गच्चीवरच्या टाकीचं झाकण बांधायला घेतला. मला म्हणाली, "सुमे, आता येऊ दे दिवाळी. बगतेच शिव्याला."

पण दसरा झाला आणि घोटाळा झाला.

अपार्टमेंटचे सेक्रेटरी बरेच दिवस बाहेरगावी होते. ते परत आले आणि आल्या आल्या त्यांना जिन्यात वाटी घेतलेली म्हातारी दिसली. त्यांनी लांबूनच फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सदर वृद्ध महिला दररोज आवारात घरोघरी वाटी घेऊन मागत फिरत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सर्व सभासदांनी दक्षता घ्यावी व सदर महिलेस काहीही देऊ नये." त्या ग्रुपवर शिवाचा शाळेतला मित्र निघाला. त्यानं फोटो तसाच्या तसा पुण्याला पाठवला. वर स्वतःचं एक वाक्य. "अरे, ही तुझी आई ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काच्या दारात गाडी उभी. एरवी स्वतः गाडी चालवणारा शिवा मागच्या सीटवरून उतरला, पुढं ड्रायव्हर. मी मनात म्हटलं, पोराची प्रगती आहे. पण त्याचा चेहरा बघून मी माझं काम टाकून तिकडे गेले.

"आई, तू भीक मागतेस?" तो दारातच ओरडला. "मी मेलोय का? काय कमी केलं मी तुला? घरात साखर नाही? लोक फोटो काढतात तुझा! मला फोन करतात!"

अक्का शेंगा सोलत बसली होती. तिला आधी काही कळेचना. शिवानं मोबाइल तिच्यासमोर धरला. तिनं फोटो निरखून बघितला आणि म्हणाली, "कंबर बग की कशी ताठ हाय माजी."

मला हसू आलं आणि ते मी कसंबसं गिळलं. शिवा मात्र आणखी भडकला. "मावशी, तुम्ही तरी सांगायचंत!" हे मला. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, चालणं, देशमुखकाकू, काम तर पायजे की. पण माणसाला एकदा लाज वाटली की कान बंद होतात. त्याला एवढंच ऐकू आलं, की आई खरंच घरोघरी वाटी घेऊन जाते. "दिवाळी-बिवाळी काही नाही आता," तो म्हणाला. "आजच निघायचं. तुझं डोकं ठिकाणावर नाही. भर बॅग."

अक्काचा हात शेंगांवर थांबला. ज्या चालण्यानं घर वाचायचं, त्याच चालण्यानं ते जायची वेळ आली होती. मला वाटलं आता ती रडते की काय. पण ती उठली. कशाला न धरता, सरळ, एका दमात. शिवाच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

"भरते की बॅग," ती म्हणाली. "पर आदी माज्यासंगं एक चक्कर मार. मग म्हणशील तसं."

आम्ही तिघं निघालो. अक्का पुढं, मागून फुरंगटलेला शिवा, त्याच्या मागे मी. देशमुखकाकू फाटकातून म्हणाल्या, "आला का शिवा? अक्का, त्याला आवडतात ती वांगी केलीत, नेता का?" वॉचमननं फाटक सताड उघडलं आणि अक्काला सलाम केला. शिवाला विचारलं, "तुमी कुणाकडं?" शिवाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिसऱ्या मजल्यावर बेल दाबायच्या आधीच दार उघडलं, आणि आता तिथं साखळीही लावत नाहीत. बाळ अक्काकडे झेपावलं. ती लातूरची पोरगी शिवाला म्हणाली, "दादा, तुमची आई नसती ना, तर मी माहेरी निघून गेले असते."

जिन्यात सेक्रेटरी भेटले. बिचारे पार शरमले होते, कारण आदल्या रात्री त्या ग्रुपवर त्यांना सगळ्या बायकांनी मिळून धुतलं होतं, आणि त्यात त्यांची स्वतःची बायको आघाडीवर. ते हात जोडून म्हणाले, "आजी, चूक झाली. मला खरंच माहीत नव्हतं." अक्का म्हणाली, "असू द्या. उद्या तुमच्याकडं येते, जिरं काढून ठेवा."

 अक्का शिवाला एकेक दार दाखवत चालली होती, आणि तिचा जोर असा, की मला दम लागला. परतीच्या वाटेवर पिठाच्या गिरणीजवळ मी मागे बघितलं तर शिवा नव्हता. तो वीसेक पावलं मागे एका कंपाउंडच्या भिंतीला हात टेकून उभा होता. एक पाय किंचित वर, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

अक्का वळली. तिनं त्याला बघितलं आणि जागच्या जागी थांबली. तसं उभं राहणं ती चांगलं ओळखत होती. उन्हाळाभर ती तशीच उभी राहिली होती.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"काही नाही, जरा चमक..."

"शिव्या, कवापासनं?"

"दोन वर्षं," शिवा म्हणाला. "बसून बसून झालंय. आता गाडीही चालवता येत नाही."

"सूनबाई काय म्हणती?"

त्यानं मान खाली घातली. "ती बेंगळुरूला आहे आई. तिची बदली झाली. पोरीला घेऊन गेली. महिन्यातून एकदा येतात. मी एकटाच असतो."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगणार होतो?"  एवढा मोठा साहेब, अर्धे केस पांढरे, आणि पिठाच्या गिरणीसमोर उभा राहून लहान पोरासारखा बोलत होता. "घरी गेलं की कुणी विचारत नाही जेवलास का. त्या बिल्डिंगमध्ये मला कुणी ओळखत नाही. मला वाटलं, तू आलीस तर... पण तू नुसतं ये म्हटल्यावर थोडीच आली असतीस?"

अक्का मागे त्याच्यापाशी गेली. मग म्हणाली, "तेवडंच सांगायचं हुतं की रे. माजी कंबर कशाला मदी घातलीस?"

घरी आल्यावर शिवा त्या पायरीवर एका अंगावर कलून बसला. पाठदुखीचा माणूस बसतो तसा. आणि म्हणाला, "आई, मी हरलो. तू इथंच राहा. घर कुणाला द्यायचं नाही. दिवाळीला येतो मी." अक्का आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. मी मनातून निवांत झाले. म्हटलं, चला, गौराक्का राहिली! उगाच डोळे पुसत उभी होते.

ती बाहेर आली ती बॅग घेऊन. पदर खोचलेला, पायात चपला.

"अक्का! अगं तो राहा म्हणतोय!"

"ऐकलं की मी. बहिरी न्हाय." तिनं दाराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुळशीला पाणी घाल. त्या बिल्डरला दारात उभा करू नको. माजं घर कुटं जात न्हाय. आता ह्याला चालता करायचा हाय, त्ये काम माजं."

सहा महिने जिनं ज्या घरासाठी जिवाचं रान केलं, ती घर जिंकल्यावर अर्ध्या तासात ते सोडून निघाली. मला रागच आला तिचा. मी म्हटलंसुद्धा, "आणि आम्ही काय करायचं गं?" तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. "तुमी इतके जण हाय की," ती म्हणाली. "तितं त्यो एकटा हाय."

शिवानं गाडीचं दार उघडलं, तर अक्का बसेना. पुण्यापर्यंत इतके तास बसायचं, आधी निदान मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं म्हणाली. शिवा कुरकुरला. अक्कानं बॅग गाडीत टाकली आणि ड्रायव्हरला हुकूम केला, "तू मागनं ये. भोंगा वाजवू नको." मग तिनं शिवाचा हात धरला. मीही बरोबर निघाले. शिवाची पावलं हळू पडत होती, म्हणून इतक्या जोरात चालणारी बाई आता त्याच्या चालीनं चालत होती. मागे रिकामी गाडी रांगत येत होती. दारादारातून माणसं बघत होती.

कोपऱ्यावर आल्यावर शिवानं विचारलं, "आई, मग तू परत कधी जाणार इकडं?"

"तुजी कंबर बरी झाली की दुसऱ्या दिवशी."

 शिवा खाली बघत म्हणाला, "मग मी बराच होत नाही."

अक्कानं त्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, आणि मध्येच थांबून तोच हात त्याच्या पाठीवरून सावकाश फिरवत राहिली.